तेरड्याच्या पानापासून वंशवृक्षापर्यंत

भाद्रपदात कोकणातल्या घरांत गौर म्हणून येणारा तेरडा, त्याच दिवसांत कासच्या सड्यावर दाटीने फुलणारा बुटका तेरडा आणि घाटातल्या पाझरत्या कड्याला चिकटून वाढणारा बिनखोडाचा तेरडा, हे सगळे इम्पेशन्स या एकाच प्रजातीतले. जगात या प्रजातीच्या हजाराहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेतले डोंगर, मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका, पूर्व हिमालय आणि आग्नेय आशिया ही त्यांची मोठी माहेरघरं. काही जातींची फुलं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, तर काहींची इतकी जुळतात की नुसत्या रूपावरून नातं सांगताना भलेभले अडखळले. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १९११ साली वारले. त्यांची शेवटची वर्षं मुख्यतः याच प्रजातीचं वर्गीकरण सोडवण्यात गेली.

हे नातं डीएनएवरून कसं शोधायचं, त्याची ही रीत. पिपेट हाताळता येतो आणि सेंट्रीफ्यूज, पीसीआर यंत्र (डीएनएचा ठरावीक भाग अनेकपट वाढवणारं), जेलची पेटी वापरायला मिळते, एवढं गृहीत धरलं आहे. उदाहरण तेरड्याचं मुद्दाम घेतलं, कारण तो अवघड आहे. पान पाणीदार, रस बुळबुळीत, आणि मेंदीला रंग देणारं लॉसोन हे द्रव्य तेरड्यातही असतं. तेरड्याच्या पानातून स्वच्छ डीएनए काढता आला की बहुतेक रानफुलांचा काढता येतो.

आधी प्रश्न, मग पिशवी

‘सह्याद्रीतल्या तेरड्यांचा रेण्वीय अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं. ‘कासवरच्या इम्पेशन्स लॉई आणि इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया या दोन जाती एकमेकींच्या सर्वांत जवळच्या आहेत, की त्यांतली एक महाबळेश्वरकडच्या पिवळ्या इम्पेशन्स डाल्झेलीच्या जवळची आहे?’ हा प्रश्न. याचं उत्तर हे किंवा ते असं येऊ शकतं, आणि किती नमुने लागतील तेही त्यातूनच ठरतं. प्रत्येक जातीची किमान तीन झाडं, किमान दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या. एकाच झाडावर जात उभी केली आणि ते झाड संकरित निघालं, तर सगळं काम वाया जातं आणि ते वाया गेल्याचं कळतही नाही.

वंशवृक्षाचं मूळ कुठे हे ठरवण्यासाठी एक बाहेरचा नातेवाईक लागतो. तेरड्यासाठी ही निवड निसर्गानेच करून ठेवली आहे. तेरडा कुलात इम्पेशन्सखेरीज एकच प्रजाती आहे, हायड्रोसेरा, आणि तिच्यातही एकच जात, पाणथळ जागी वाढणारी हायड्रोसेरा ट्रायफ्लोरा. तिचे क्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी, जेनबँक या सार्वजनिक संग्रहात मिळतात, त्यासाठी वेगळी मोहीम काढायची गरज नाही.

डीएनएचा कोणता भाग वाचायचा? एक केंद्रकातला आणि एक हरितलवकातला, असे निदान दोन. केंद्रकातला आयटीएस हा रायबोसोमच्या जनुकांमधला भाग. त्याच्या प्रती पेशीत शेकडो-हजारो असतात, त्यामुळे डीएनए थोडा असला तरी तो वाढवता येतो. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. हरितलवकाचा डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत फक्त आईकडून येतो. दोन्हींची साक्ष जुळली तर नातं पक्कं. जुळली नाही तर जुना संकर असण्याची शक्यता पुढे येते, आणि तो शोध अनेकदा मूळ प्रश्नापेक्षा मोलाचा असतो. हरितलवकातून एटीपीबी आणि आरबीसीएल या जनुकांमधला भाग घ्यावा. तोच का, तर जगभरच्या तेरड्यांचा हा भाग आधीच वाचला गेला आहे. तुलनेला काही नसलेला सुंदर क्रम फारसा उपयोगी पडत नाही.

रानात

कासचा बराच भाग राखीव वनात येतो. वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक पानही तोडू नका, आणि परवानगीत जातींची नावं आणि नमुन्यांची संख्या स्पष्ट लिहून घ्या. नमुना किंवा काढलेला डीएनए परदेशी संस्थेकडे जाणार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. त्याची वाट चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणातून जाते, आणि ते काम मोहिमेनंतर नव्हे, आधी करायचं असतं.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ. तेरड्याचं पान तोडल्यावर काही मिनिटांत मान टाकतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहिलं तर संध्याकाळपर्यंत पेशीतले विकर डीएनएचे तुकडे करून टाकतात. म्हणून झाडाजवळ उभं असतानाच पान सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांत, घाला. प्रमाण पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका. तेरड्यासाठी पंधरापट घ्या, कारण पानात पाणी फार. कोवळं, न किडलेलं, बुरशी नसलेलं पान निवडा. पाऊस लागलेलं असेल तर टिपकागदाने कोरडं करा, मधली जाड शीर काढून टाका, उरलेल्या पात्याचे बोटभर तुकडे करा आणि चहाच्या रिकाम्या कागदी पुडीत भरून ती पुडी सिलिकात ठेवा. पान २४ तासांत कुरकुरीत वाळलं पाहिजे. नारिंगी खडे हिरवे झाले, किंवा निळे गुलाबी झाले, की त्याच संध्याकाळी बदला. पावसाळ्यात मुक्कामी पहिल्या रात्री हे तपासायचं राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी पान तपकिरी दिसतं. ते तपकिरी पान पुढे कितीही कष्ट घेतले तरी चांगला डीएनए देत नाही. वापरलेली सिलिका १०० ते ११० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येते.

त्याच झाडाचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात गेलाच पाहिजे. तेरड्याच्या बाबतीत इथेच खरी गोम आहे. फूल तसंच दाबलं की त्याचा चिकट लगदा होतो, आणि पुढे कोणालाही त्यातून जात ओळखता येत नाही. हूकरांनाही वाळलेल्या नमुन्यांनी असंच छळलं. म्हणून दोन-तीन फुलं ताजी असतानाच सोडवा. बाजूची निदलं, खालचं होडीसारखं निदल आणि त्याची मागे गेलेली नळी, वरची पाकळी, बाजूच्या जोडपाकळ्या, असे भाग वेगळे करून टिपकागदावर मांडून दाबा. दोन फुलं ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. नळीची लांबी आणि वळण तिथल्या तिथे मोजून लिहा. फुलाचा रंगही लिहा, पण त्यावर फार विसंबू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण वनस्पतिशास्त्रालाही लागू आहे.

क्रमांक एकच ठेवा. पानाच्या पुडीवर, अल्कोहोलच्या कुपीत, दाबलेल्या नमुन्यावर आणि वहीत तोच क्रमांक, पेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते. क्रमांकांची अदलाबदल ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण पुढची कोणतीही यांत्रिक तपासणी ती पकडू शकत नाही.

डीएनए काढणं

तयार किट चालतात, पण तेरड्याच्या बुळबुळीने त्यांची जाळी तुंबते. १९८७ साली डॉइल दांपत्याने प्रसिद्ध केलेली सीटॅब पद्धत आजही अशा वनस्पतींसाठी सर्वांत भरवशाची आहे, आणि स्वस्तही.

१०० मिलिलिटर बफरसाठी सीटॅब २ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८.०) १० मिली, ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८.०) ४ मिली, पीव्हीपी-४० २ ग्रॅम, आणि बाकी शुद्ध पाणी. सीटॅब थंड पाण्यात विरघळत नाही. ६० अंशांवर हलवत ठेवा, आणि फेस होऊ नये म्हणून जोरात हलवू नका. वापरायच्या वेळी दर मिलिलिटरला २ मायक्रोलिटर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला, तेही फ्यूम हूडमध्येच.

प्रत्येक घटक का आहे हे माहीत असलं की बिघाड कुठे झाला ते कळतं. सीटॅब पेशीची पटलं फोडतो. मीठ १.४ मोलर इतकं जास्त असल्यामुळे डीएनए सीटॅबला चिकटून खाली बसत नाही, विरघळलेला राहतो, आणि बरीचशी बुळबुळ सीटॅबबरोबर जाते. मीठ ०.७ मोलरखाली उतरलं तर डीएनएच सीटॅबसह साका (तळाशी बसणारा गाळ) होऊन निघून जातो. मीठ तोलताना झालेली चूक अशी थेट निकालात दिसते. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतो, म्हणून डीएनए तोडणारे विकर निकामी होतात. पीव्हीपी पॉलिफिनॉल बांधतं आणि मरकॅप्टोइथेनॉल त्यांना काळं पडू देत नाही. लॉसोनसारखी द्रव्यं एकदा डीएनएला चिकटली की सुटत नाहीत, म्हणून या दोघांत काटकसर नको.

तेरड्यासाठी सीटॅबच्या आधी एक धुणं आवश्यक आहे. त्याचा द्राव १०० मिलीसाठी असा: सॉर्बिटॉल ६.३८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८.०) १० मिली, ०.५ मोलर ईडीटीए १ मिली, पीव्हीपी १ ग्रॅम, आणि वापरताना १ टक्का मरकॅप्टोइथेनॉल. वाळलेलं पान २० मिलिग्रॅम घ्या, जास्त नको. जास्त पान म्हणजे जास्त डीएनए हा समज इथे उलटतो, जास्त पान म्हणजे जास्त चिकटा. २ मिलीच्या नळीत दोन स्टीलच्या गोळ्या घालून यंत्रावर, किंवा खलात चिमूटभर निर्जंतुक वाळूबरोबर, पिठासारखी पूड करा. भरड राहिली तर पेशी फुटत नाहीत. त्यावर सॉर्बिटॉलचा गार द्राव १ मिली घाला, हलवा, ५,००० जीवर ५ मिनिटं फिरवा आणि वरचा द्राव ओतून द्या. केंद्रकं आणि हरितलवकं तळाशी राहतात, बुळबुळ वरच्या पाण्याबरोबर जाते. वरचा द्राव ओतताना तार धरत असेल तर पुन्हा धुवा. इम्पेशन्स अकॉलिससारख्या कड्यावरच्या जातींना तीनदाही धुवावं लागू शकतं.

मग ६५ अंशांवर आधीच तापवलेला सीटॅब बफर ७०० मायक्रोलिटर घाला. ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ४५ मिनिटं ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नळी उलटीसुलटी करा. बाहेर काढल्यावर नळी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे गरम नळीत घातला तर झाकण उडतं. क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल यांचं २४ : १ मिश्रण ७०० मायक्रोलिटर घाला. दहा मिनिटं हळू उलटसुलट करा. इथून पुढे व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) बंद, डीएनएचे लांब धागे तुटतात. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून क्लोरोफॉर्म लवकर आत येतो. थेंब पडला तर मोजे लगेच बदला. उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये नव्हे, वेगळ्या बाटलीत जमवा.

१२,००० जीवर १० मिनिटं फिरवल्यावर तीन थर दिसतात. वरचा पाण्याचा थर ५०० मायक्रोलिटर घ्या. मधल्या पांढऱ्या सायीपासून पिपेटचं टोक लांब ठेवा. शेवटचे ५० मायक्रोलिटर मिळवण्याच्या नादात साय ओढली गेली की प्रथिनं आली, आणि पीसीआर अडला. या थरात १० मिग्रॅ/मिली आरएनएज-ए ४ मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग तेवढ्याच क्लोरोफॉर्म मिश्रणाने पुन्हा एकदा धुवा.

आता डीएनए खाली बसवायचा. साध्या पानांसाठी ०.७ पट गार आयसोप्रोपॅनॉल पुरतं. थर अजून दाट वाटत असेल तर त्याच्या निम्म्या मापाचं ५ मोलर मीठपाणी घालून दुप्पट गार इथेनॉल वापरा. जास्त मिठात बुळबुळ विरघळलेली राहते आणि डीएनए एकटा खाली येतो. उणे २० अंशांवर अर्धा तास पुरे. ‘रात्रभर ठेवू, जास्त मिळेल’ असं करू नका, रात्रभरात साखरेच्या जातीची सगळी द्रव्यंही साक्यात येतात. १२,००० जीवर १० मिनिटं फिरवा. साका पांढरा आणि छोटा असेल तर उत्तम. जेलीसारखा पारदर्शक आणि मोठा असेल तर ती बुळबुळ आहे. तपकिरी असेल तर फिनॉल राहिलंय. ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुवा, १० ते १५ मिनिटं झाकण उघडं ठेवून वाळवा, आणि कमी ईडीटीए असलेल्या (०.१ मिलिमोलर) ट्रिस बफरच्या ५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा. खडखडीत वाळवलेला साका विरघळायला दिवस लागतो.

प्रत्येक खेपेत एक नळी पानाशिवाय चालवा. पुढे तिच्यातही पट्टा दिसला तर बफर दूषित आहे, आणि त्या खेपेतल्या एकाही नमुन्यावर विश्वास ठेवता येत नाही.

तपासणी दोन प्रकारे करा. ०.८ टक्के जेलवर वरच्या बाजूला एकच घट्ट पट्टा हवा. खाली धूर पसरल्यासारखा दिसला तर डीएनए तुटलेला आहे, पण आयटीएससाठी तोही बहुधा चालतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० हे गुणोत्तर १.८च्या आसपास आणि २६०/२३० हे २च्या जवळ हवं. तेरड्यात पहिलं ठीक येतं आणि दुसरं अनेकदा १च्या खाली राहतं. ती बुळबुळीची खूण समजा. अशा वेळी पुन्हा काढत बसण्याआधी डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून पीसीआर करून पाहा. डीएनएबरोबर अडथळाही पातळ होतो, आणि काम होऊन जातं.

पीसीआर

२५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत १० पट बफर २.५, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड २ (बफरमध्ये आधीच नसेल तर), प्रत्येकी २.५ मिलिमोलरचं डीएनटीपी मिश्रण २, १० मायक्रोमोलरचे दोन प्रायमर (वाढवायच्या भागाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्रत्येकी १, १० मिग्रॅ/मिली बीएसए १, डीएमएसओ १.२५, टॅक पॉलिमरेज ०.२, डीएनए १ आणि पाणी १३.०५ मायक्रोलिटर. बीएसए फिनॉल शोषून घेतो, तेरड्यात तो वगळू नका. आयटीएसमध्ये जी आणि सी या अक्षरांचा भरणा असल्याने धागा स्वतःवरच दुमडतो, डीएमएसओ ती घडी सैल करतो. हरितलवकाच्या भागाला त्याची गरज नसते, तिथे तेवढं पाणी घाला.

९४ अंशांवर ४ मिनिटं. मग ९४ अंशांवर ३० सेकंद, ५४ अंशांवर ४५ सेकंद आणि ७२ अंशांवर १ मिनिट अशी ३५ आवर्तनं. शेवटी ७२ अंशांवर ८ मिनिटं. १.५ टक्के जेलवर आयटीएसचा पट्टा ७०० अक्षरांच्या आसपास दिसायला हवा. पट्टाच नाही आणि धन नियंत्रणात (आधी चाललेल्या डीएनएच्या नळीत) आहे, तर अडथळा डीएनएमध्ये आहे. दोन पट्टे असतील तर ५४ अंशांचं तापमान दोन-दोन अंशांनी वाढवा. डीएनएऐवजी पाणी घातलेल्या नळीत पट्टा आला तर सगळं टाकून नवं पाणी आणि नवे प्रायमर घ्या. त्यात ‘पट्टा फिकाच आहे’ अशी सवलत नसते.

आयटीएस-१ आणि आयटीएस-४ हे सर्वत्र वापरले जाणारे प्रायमर मुळात बुरशीच्या अभ्यासासाठी बनवले गेले. पावसाळ्यातल्या पानावर आणि पानाच्या आत बुरशी असतेच, आणि तिचा आयटीएसही तितक्याच आनंदाने वाढतो. जेलवर ती तेरड्यासारखीच दिसते. म्हणून क्रम हाती आला की सर्वांत आधी ब्लास्टमध्ये (जेनबँकेतल्या क्रमांशी जुळवून पाहणाऱ्या साधनात) टाकून तो तेरडा कुलाचा आहे ना ते पाहा. हे दोन मिनिटांचं काम न केल्यामुळे बुरशीचे क्रम वनस्पतीच्या नावाने सार्वजनिक संग्रहात जाऊन बसतात.

क्रम वाचायला पाठवण्याआधी पीसीआरचा माल साफ करा. महागडा संच नसेल तर २० टक्के पीईजी-८००० आणि २.५ मोलर मीठ यांचा द्राव बरोबरीने घाला, ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, १२,००० जीवर १५ मिनिटं फिरवा आणि ८० टक्के गार अल्कोहोलने दोनदा धुवा. दोन्ही टोकांकडून वाचून घ्या. एका बाजूचे पैसे वाचवणं परवडत नाही.

डोळ्यांनी वाचणं

यंत्राने दिलेली अक्षरं म्हणजे यंत्राचा अंदाज. मूळ पुरावा रंगीत शिखरांचा आलेख आहे, तो प्रत्येक नमुन्याचा शेवटपर्यंत वाचा. सुरुवातीची ३० ते ५० अक्षरं आणि शेवटची फिसकटलेली शेपटी कापा. यंत्र प्रत्येक अक्षराला खात्रीचा गुणांक देतं. गुणांक २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. ७०० अक्षरांच्या क्रमात २० गुणांक सरसकट चालवून घेतला तर सातेक खोटे फरक आत येतात, आणि जवळच्या दोन तेरड्यांमधला खरा फरकही कदाचित तेवढाच असतो.

एकाच जागी दोन शिखरं दोन्ही बाजूंच्या वाचनात दिसली तर तो दोष नाही, माहिती आहे. केंद्रकातल्या दोन प्रतींत फरक आहे. तिथे सी आणि टी दोन्ही असतील तर वाय, ए आणि जी असतील तर आर लिहा, मोठं शिखर निवडून मोकळे होऊ नका. एका जागेपासून पुढे सगळंच दुहेरी झालं तर एका प्रतीत अक्षर कमी-जास्त आहे. मग उलट बाजूचं वाचन कामी येतं, किंवा क्लोनिंग करून प्रती वेगळ्या वाचाव्या लागतात. अशा दुहेरी जागा दोन ओळखीच्या जातींच्या फरकांशी नेमक्या जुळल्या, तर ते झाड संकरित असण्याचा दाट संशय घ्या. हरितलवकात मात्र दहाहून जास्त ए सलग आले की पॉलिमरेज घसरतं आणि पुढचं वाचन बिघडतं. तिथला दुहेरीपणा खरा नसतो.

रांग लावणं आणि झाड बांधणं

मॅफ्ट या प्रणालीत क्रम एकाखाली एक लावा आणि ती रांग अलीव्ह्यू या प्रणालीत डोळ्यांनी तपासा. तेरड्याचा आयटीएस फार वेगाने बदलतो. सह्याद्रीतल्या जवळच्या जातींत रांग नीट लागते, पण आफ्रिकेतल्या जाती किंवा हायड्रोसेरा घातली की काही पट्ट्यांत कोणतं अक्षर कोणाखाली यावं हे सांगता येत नाही. ते पट्टे वगळा. तिथे ओढूनताणून लावलेली रांग झाडात खोटी फांदी बनते.

दोन क्रमांतला फरक नुसता मोजून चालत नाही, कारण एकाच जागी दोनदा बदल झाला तर पहिला झाकला जातो. ६०० अक्षरांत १२ फरक असतील तर दिसणारं अंतर ०.०२. ज्यूक्स आणि कँटर यांच्या १९६९च्या सूत्राने ते ०.०२०३ होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. पण दिसणारं अंतर ०.३० असेल तर सुधारलेलं अंतर ०.३८ येतं. दूरच्या जातींत झाकले गेलेले बदल इतके असतात. झाड बांधणारी आयक्यू-ट्री ही प्रणाली बदलांचं योग्य प्रतिमान स्वतः तपासून निवडते. तिला फक्त भाग वेगळे करून द्या: आयटीएस-१ (हा डीएनएचा भाग, त्याच नावाचा प्रायमर नव्हे), मधलं ५.८-एस, आयटीएस-२ आणि हरितलवकाचा भाग. ५.८-एस हे रायबोसोमचा भाग बनणारं जनुक असल्याने जवळजवळ गोठलेलं असतं, शेजारचे दोन्ही भाग धावत असतात. सगळ्यांना एकच गती लावणं चूक आहे.

अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप, म्हणजे रांगेतल्या जागा पुन्हा-पुन्हा निवडून फांदी टिकते का हे पाहणं, १,००० वेळा चालवा. त्यात ९५ किंवा जास्त आधार असलेलीच फांदी पक्की धरा. जुन्या पद्धतीच्या बूटस्ट्रॅपमध्ये लोक ७०ला चांगलं म्हणतात, ते माप इथे लावू नका. जोडीला बेझच्या संभाव्यतेवर झाड बांधणारी मिस्टरबेझ ही प्रणाली चालवत असाल तर दोन स्वतंत्र धावांतल्या फांद्यांच्या वारंवारतेचं प्रमाण विचलन ०.०१खाली उतरेपर्यंत थांबा, आणि पहिला पाव भाग टाकून द्या.

आयटीएसचं झाड आणि हरितलवकाचं झाड आधी वेगवेगळं बांधा. थेट जोडून एक झाड करण्याचा मोह फार होतो, कारण जोडलं की आकडे वाढतात. पण दोन्ही झाडांत ९५च्या वर आधार असलेल्या फांद्या एकमेकींना छेद देत असतील, तर जोडलेलं झाड कोणाचाच इतिहास सांगत नाही. विसंवाद दिसला की क्रमाने तपासा: नळ्यांची अदलाबदल झाली का (तेच पान पुन्हा काढून पाहा), वाचनात दुहेरी शिखरं आहेत का, आणि तोच विसंवाद दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्यांतही आहे का. तिन्हींतून पार पडला तर एका जातीने संकरातून दुसरीचं हरितलवक घेतलं असावं, किंवा पूर्वजातले वेगवेगळे प्रकार अजून पुरते वेगळे झाले नसावेत. या दोन शक्यता दोन भागांवरून वेगळ्या करता येत नाहीत, केंद्रकातले आणखी बरेच भाग वाचावे लागतात. तेवढंच लिहा.

झाड वाचताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तळाकडून पहिली फुटलेली जात ‘जुनी’ किंवा ‘मागासलेली’ मानणं. टोकावरच्या सगळ्या जाती आजच्याच आहेत, सगळ्यांना सारखाच काळ मिळाला. दोन फांद्या गाठीभोवती फिरवल्या तरी झाड तेच राहतं, म्हणून शेजारी छापलेली नावं म्हणजे शेजारचं नातं नव्हे. तेरड्यांच्या पुष्कळ जाती उत्क्रांतीच्या हिशेबाने अलीकडेच आणि भराभर फुटल्या असं वंश-अभ्यास सांगतात. त्यामुळे छोट्या फांद्या आणि कमी आधार हे नेहमी तुमच्या कामाचं अपयश नसतं.

निवडीच्या खुणा

प्रथिन बनवणारं जनुक वाचलं असेल, समजा आरबीसीएल, तर प्रथिन बदलणारे आणि न बदलणारे बदल यांचं प्रमाण, म्हणजे ओमेगा, काढता येतं. १पेक्षा कमी म्हणजे बदल छाटले जातात, १च्या आसपास म्हणजे कोणी अडवत नाही, १पेक्षा जास्त म्हणजे बदल निवडले जातात. संपूर्ण जनुकाची सरासरी जवळजवळ नेहमी १च्या बरीच खाली येते, कारण बहुतेक जागा हलल्या तर या जनुकापासून बनणारं रुबिस्को हे विकर कामच करत नाही. म्हणून जागानिहाय प्रतिमानं तपासावी लागतात. कोडएमएल या प्रणालीत एम-७ (१पेक्षा जास्त ओमेगा न मानणारं) आणि एम-८ (काही जागांवर तो मानणारं) ही प्रतिमानं चालवा. समजा त्यांची लॉग-संभाव्यता उणे २३४१.६ आणि उणे २३३७.९ आली. फरक ३.७, त्याची दुप्पट ७.४. दोन स्वातंत्र्यमात्रांसाठी सीमा ५.९९ आहे, म्हणजे एम-८ सरस. पण लगेच जाहीर करू नका. निवडलेल्या दिसणाऱ्या जागा मूळ शिखरांच्या आलेखात जाऊन पाहा. चुकीचं वाचलेलं अक्षर बहुतेक वेळा प्रथिन बदलणारंच असतं, आणि एका नमुन्यातल्या दोन-तीन गचाळ जागा ‘निवड’ म्हणून सहज वर येतात. रांगही तीन-तीन अक्षरांच्या घरात असली पाहिजे, एक अक्षर सरकलं की पुढचा सगळा हिशेब खोटा.

क्रम जेनबँकेत देताना संग्रहातल्या नमुन्याचा क्रमांक, संग्रहाचं नाव, ठिकाण आणि तारीख भरा. दुर्मिळ जातीचं ठिकाण तालुक्यापर्यंतच लिहा, नेमके अक्षांश-रेखांश उघड केले की कंद आणि बिया गोळा करणारेही तिथे पोहोचतात. उरलेला डीएनए दोन नळ्यांत विभागून उणे २० अंशांवर ठेवा, एक कामाची, एक न उघडण्याची. वाळलेल्या पानाची पुडी नव्या सिलिकासह हवाबंद डब्यात अंधारात ठेवा, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, खड्यांचा रंग पाहा.